रेसिंग कार आणि शिडाचे जहाज: पुणेकर फोटोग्राफरसाठी सविस्तर मार्गदर्शक

रेसिंग कार आणि शिडाची जुनी जहाजे यांचे फोटो काढण्याची आवड एकाच माणसाला असेल, तर ऐकणाऱ्याला नवल वाटते. एक विषय पापणी लवायच्या आत समोरून निघून जातो, दुसरा क्षितिजावर तासभर दिसत राहतो. तरीही दोन्हींचा फोटो एकाच गोष्टीवर ठरतो, ती म्हणजे तुम्ही उभे कुठे आहात. गाडीच्या बाबतीत पाहायचे ते वळण आणि तुमच्यातले अंतर. जहाजाच्या बाबतीत पाहायचा सूर्य आणि वारा. शटर (प्रकाश किती वेळ आत येतो), ॲपर्चर (लेन्सचे भोक किती उघडे) आणि आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील) यांची पाळी त्यानंतर येते. मी याच क्रमाने सगळे सांगत जाणार आहे.

पुण्यात फॉर्म्युला गाड्या धावतील असा ट्रॅक नाही आणि समुद्रासाठी घाट उतरावा लागतो. त्यामुळे बरेच जण या विषयांच्या वाटेला जात नाहीत. माझे मत नेमके उलटे आहे. रेसचे तिकीट काढून पहिल्यांदाच ट्रॅकवर पोहोचलेल्या माणसाला शिकायला वेळच मिळत नाही. शिकणे घराजवळ उरकून घ्यावे आणि ट्रॅकवर किंवा बंदरावर जाताना हात तयार असावा.

सामान: आहे त्यातच सुरुवात

कोणताही डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा आणि ७०-३०० मिमी किंवा त्याच्या आसपासची झूम लेन्स एवढ्यावर या लेखातले जवळजवळ सगळे करता येते. जहाजासाठी एखादी २४-१०५ सारखी लेन्सही सोबत असावी. मोठी, महागडी टेलिफोटो लेन्स पहिल्या वर्षात घेऊ नका. लांबच्या लेन्सने चुकीची जागा सुधारत नाही, फक्त ती चुकीची जागा मोठी दिसते.

तीन सेटिंग मात्र घरातून निघण्यापूर्वी करून ठेवा. फोकस कंटिन्युअसवर ठेवा. कॅननमध्ये त्याला एआय सर्व्हो म्हणतात, निकॉन-सोनीमध्ये एएफ-सी. शटर मेकॅनिकल ठेवा. बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांत आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचते, त्यामुळे वेगाने जाणारी गाडी तिरकी झुकल्यासारखी येते आणि चाके अंडाकृती दिसतात. हा दोष नंतर संगणकावर नीट सुधारता येत नाही. तिसरे सेटिंग लेन्सच्या स्थिरीकरणाचे. लेन्सवर मोड २ असेल तर पॅनिंगसाठी, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो घेण्यासाठी, तो लावा. त्या मोडमध्ये लेन्स आडव्या हालचालीला विरोध करत नाही, फक्त वरखाली होणारी थरथर आवरते.

पहिली पायरी: जंगली महाराज रस्त्यावरची रिक्षा

पॅनिंग म्हणजे धावत्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवत तुलनेने सावकाश शटरवर फोटो घेणे. गाडी स्पष्ट येते, मागचा परिसर आडव्या रेषांत विरघळतो आणि चाके फिरताना दिसतात. रेसिंगचे निम्मे छायाचित्रण म्हणजे हेच. १/२००० सेकंदाच्या शटरवर गोठवलेली रेसिंग कार पार्किंगमध्ये उभी असल्यासारखी दिसते.

याचा सराव रिक्षावर करा असे सांगितले की लोकांना ती तडजोड वाटते, म्हणून थोडे गणित मांडतो. ताशी २०० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला साधारण ५५ मीटर कापते. तुम्ही तिच्यापासून ४० मीटरवर असाल, तर ती अगदी समोरून जाताना तुम्हाला सेकंदाला सुमारे ८० अंश या गतीने कॅमेरा फिरवावा लागतो. आता ताशी ३० किलोमीटरने जाणारी रिक्षा घ्या. ती सेकंदाला सव्वाआठ मीटरच्या आसपास जाते. तिच्यापासून ६ मीटरवर उभे राहिलात, तर कॅमेरा फिरवण्याची गती येते तीच, सेकंदाला सुमारे ८० अंश! तुमच्या कमरेला आणि खांद्यांना दोन्हींत फरक कळत नाही.

चाकांचा हिशेबही पाहा. रेसिंग कारच्या चाकाचा परीघ दोन मीटरच्या थोडा वर असतो. ताशी २०० ला ते सेकंदाला सुमारे २६ फेरे घेते, म्हणजे १/१२५ च्या शटरमध्ये फेऱ्याचा पाचवा हिस्सा. रिक्षाचे चाक लहान, परीघ सुमारे १.३ मीटर. ताशी ३० ला ते १/३० च्या शटरमध्ये तेवढेच, फेऱ्याचा पाचवा हिस्सा फिरते. थोडक्यात, रिक्षावर १/३० ला जी चाके मिळतात तीच ट्रॅकवर १/१२५ ला मिळतात. रिक्षावर १/३० जमले की ट्रॅकवरचे १/१२५ त्याहून सोपे वाटते, कारण हाताला चुकायला वेळ कमी मिळतो.

जंगली महाराज रस्ता यासाठी मला सगळ्यांत आवडतो. वाहतूक एकेरी, पदपथ रुंद, झाडांची सावली आणि समोरच्या दुकानांचे रंग. सकाळी गर्दी वाढण्यापूर्वी जा. पदपथावरून खाली उतरायचे नाही, कॅमेऱ्यात डोळा घातलेल्या माणसाला आपला पाय कुठे आहे ते कळत नाही. रिक्षावाल्याने हात केला तर आपणही हात करावा. लोक कुतूहलाने विचारतात, त्यांना स्क्रीनवर फोटो दाखवला की पुढची पंधरा मिनिटे कुणी हटकत नाही.

उभे कसे राहायचे, याकडे बहुतेक जण लक्ष देत नाहीत. पाय त्या दिशेला रोखा जिथे तुम्ही बटण दाबणार आहात, म्हणजे अगदी समोर. मग पाय न हलवता कंबरेतून वळा आणि येणारी रिक्षा लांबूनच व्ह्यूफाइंडरमध्ये घ्या. कोपरे बरगड्यांना टेकलेली, डावा हात लेन्सच्या खाली. रिक्षा जवळ येते तसे शरीर आपोआप सरळ होत जाते आणि बरोबर समोर आल्यावर ते सर्वांत सैल, सर्वांत स्थिर असते. तिथे बटण दाबायचे. दाबताना थांबायचे नाही आणि दाबून झाल्यावरही रिक्षा दूर जाईपर्यंत तिच्याबरोबर फिरत राहायचे. नव्वद टक्के बिघडलेली पॅनिंग इथेच बिघडतात, बटण दाबताक्षणी हात थबकतो.

फोकसचा बिंदू गाडीच्या एका ठरलेल्या जागेवर चिकटवून ठेवा. रिक्षात चालकाचा चेहरा, मोटरसायकलवर हेल्मेट, फॉर्म्युला कारमध्येही हेल्मेटच. तो बिंदू व्ह्यूफाइंडरमध्ये गाडीवरून घसरत असेल तर तुमची गती चुकते आहे, हे लगेच कळते.

सुरुवात १/१२५ ला करा. तिथे दहापैकी बहुतेक फोटो स्पष्ट यायला लागले की १/६०, मग १/३०. त्याच्या खाली १/१५ ला कधीतरी एखादा फार सुंदर फोटो मिळतो, पण तिथे फार रमू नका. दिवसभराच्या रेसमध्ये आधी १/२५० वर हातात दोन-चार खात्रीचे फोटो घ्यावेत आणि मगच शटर खाली न्यावे.

उन्हाचा हिशेब

पुण्याच्या फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात १/६० चे शटर लावले की कॅमेरा ॲपर्चर एफ/२२ पर्यंत नेतो. आयएसओ १०० ला लख्ख उन्हात १/१२५ आणि एफ/१६ हे जुने गणित आजही चालते, त्यावरून हे सहज काढता येते. एफ/२२ ला दोन त्रास होतात. चित्र एकूणच मऊ पडते आणि सेन्सरवरच्या धुळीचा कणन् कण आकाशात काळा ठिपका होऊन दिसतो. यावर उपाय एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची प्रकाश कमी करणारी काळसर काच. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट; इथे तीन स्टॉपचा फिल्टर लागतो, त्याला एनडी८ म्हणतात. तो लावला की एफ/८ ला परत येता येते. पोलरायझर असेल तर तोही दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो, शिवाय गाडीच्या काचेवरची आणि रंगावरची चमक कमी करतो. मी दोहोंतून एकच घ्यायचा झाला तर पोलरायझर घेईन, तो समुद्रावरही लागतो.

दुसरी पायरी: घाट, धूळ आणि मोकळे वळण

रिक्षा सरळ जाते. रेसिंगचा खरा रंग वळणावर असतो, म्हणून दुसरी पायरी वळणाची.

पुणे जिल्ह्याला शर्यतींचे वावडे नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढून येणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. २०२६ च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर झाली, तेव्हा जगभरातले सायकलपटू जिल्ह्यातल्या घाटरस्त्यांवरून गेले. २०२४ च्या जानेवारीत बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीग या मोटरसायकल शर्यतींची फेरी झाली. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळात बैलगाडा शर्यती भरतात. यांपैकी कुठेही गेलात तरी शिकायचे तेच आहे, जागा निवडणे.

वळणाच्या आतल्या बाजूला उभे राहिले की गाडी तुमच्याभोवती कंस काढत जाते. कंसाच्या मध्याजवळ असाल तर तुमच्यापासूनचे तिचे अंतर जवळजवळ बदलत नाही आणि तिची बाजू सतत तुमच्याकडे राहते. म्हणून नाकापासून शेपटीपर्यंत सगळी गाडी स्पष्ट येते. सरळ रस्त्यावर तसे होत नाही. तिथे गाडी समोर येते तेव्हा तिचा कोन क्षणाक्षणाला बदलत असतो, म्हणून सावकाश शटरवर मधला भाग स्पष्ट आणि दोन्ही टोके पुसट येतात. लेन्स किंवा फोकस बिघडला असे समजून लोक दुकानात जातात, कारण मात्र भूमितीत असते.

वळणाच्या बाहेरच्या बाजूला चेहरा समोरून मिळतो, आणि धोकाही तिथेच असतो. ताबा सुटलेली गाडी नेहमी बाहेर फेकली जाते. रॅलीत, ऑटोक्रॉसमध्ये, बैलगाड्यांच्या घाटात, कुठेही संरक्षक भिंत नसेल तर बाहेरच्या बाजूला उभे राहायचे नाही. आतल्या बाजूला, शक्यतो रस्त्यापेक्षा उंचावर, आणि मागे पळायला मोकळी जागा ठेवून. मार्शल हटवेल तिथून वाद न घालता हटायचे.

धुळीबद्दल एक सांगतो. बैलगाड्यांच्या शर्यतीत किंवा मातीच्या ट्रॅकवर सूर्य गाडीच्या मागे असेल अशी बाजू घ्या. समोरून उजेड पडलेली धूळ मळकट राखाडी दिसते, मागून उजळलेली धूळ सोनेरी. इथे पॅनिंग सोडून १/१००० वर जायला हरकत नाही, कारण उडालेली माती स्वतःच वेग सांगते. उन्हाकडे तोंड करून फोटो घेताना एक्स्पोजर (फोटोतला एकूण उजेड) एक स्टॉप वाढवून पाहा, नाहीतर बैल आणि गाडीवान काळे ठिक्कर पडतात.

पुण्यात आणखी एक सोय आहे, तिच्याकडे फार कमी फोटोग्राफरांचे लक्ष जाते. इथल्या अनेक इंजिनिअरिंग कॉलेजांत विद्यार्थ्यांचे संघ स्वतः फॉर्म्युला पद्धतीची गाडी बांधतात आणि कोइंबतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या फॉर्म्युला भारत स्पर्धेत उतरवतात. त्याआधी गाडीच्या चाचण्या होतात. या मुलांना प्रायोजकांना दाखवायला चांगले फोटो हवे असतात. संघाशी बोला, कॉलेजची परवानगी घ्या. खरी उघड्या चाकांची रेसिंग कार इतक्या जवळून, इतक्या वेळा जाताना दुसरीकडे कुठे पाहायला मिळणार नाही. शिवाय गॅरेजमधले फोटो मिळतात: ग्रीसने माखलेले हात, टायरवर खडूने लिहिलेले आकडे, रात्री उशिरा लॅपटॉपवर वाकलेली तीन डोकी. रेसिंगची गोष्ट सांगायला हे फोटो लागतातच.

तिसरी पायरी: मोठा ट्रॅक

चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक आणि कोइंबतूरचा कारी हे देशातल्या रेसिंगचे जुने अड्डे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर २०११ ते २०१३ अशा तीन फॉर्म्युला वन शर्यती झाल्या. ११ फेब्रुवारी २०२३ ला हैदराबादेत हुसेनसागरच्या काठावर विजेवर चालणाऱ्या फॉर्म्युला ई गाड्या धावल्या, आणि २०२४ मध्ये चेन्नईच्या रस्त्यांवर रात्रीची रेस झाली.

ट्रॅकवर पोहोचल्यावर पहिला तास फोटो काढू नका. सराव फेरीत नकाशा घेऊन चाला आणि तीन गोष्टी पाहा. गाडीच्या मागे काय येते, सूर्य दुपारनंतर कुठे जाईल, आणि जाळीत कुठे फट किंवा उंचवटा आहे. मागे जाहिरातींचे फलक, पोर्टेबल टॉयलेट किंवा उभ्या टेम्पोंची रांग असेल तर पॅनिंगमध्येही त्याचे रंगीत पट्टे येतात आणि गाडीशी भांडतात. गवताचा उतार किंवा झाडांची रांग मिळाली की तीच तुमची जागा.

प्रेक्षकांना जाळीतूनच फोटो घ्यावे लागतात. लेन्स जाळीला जवळजवळ टेकवा, ॲपर्चर उघडे ठेवा, फोकल लेंग्थ (झूम) वाढवा आणि जाळीचा सावलीतला भाग निवडा. उन्हात चमकणारी तार फोटोवर पांढुरका पडदा टाकते. टेकवता येत नसेल तर पॅनिंग करा, फिरत्या कॅमेऱ्यासमोरची जाळी बऱ्याचदा पुसून जाते.

शटरचा अंदाज असा: बाजूने जाणाऱ्या कारसाठी १/१२५ ते १/२५०, तिरक्या कोनातून तुमच्याकडे येणाऱ्या कारसाठी १/५०० ते १/८००. अगदी समोरून येणाऱ्या गाडीचे चाक फिरताना दिसतच नाही, तिथे १/१००० घ्या आणि वेगाऐवजी चालकाचे डोळे किंवा ब्रेक मारताना खाली दबलेले नाक दाखवा. म्हणूनच समोरचा कोन जोरदार ब्रेक लागतो तिथे घ्यावा. सरळ पट्ट्यात तो निर्जीव दिसतो.

दुपारी बारा ते तीन लांबच्या लेन्सने समोरचे फोटो घेऊ नका. तापलेल्या डांबरावरची हवा थरथरते आणि कोणत्याही किमतीच्या लेन्सने स्पष्ट फोटो येत नाही. त्या वेळेत पिटमध्ये (गाड्यांची देखभाल होते तिथे), प्रेक्षकांत, सावलीत काम करा. रात्रीच्या रेसमध्ये एलईडी दिव्यांमुळे फोटोत पट्टे येऊ शकतात, कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर सुरू ठेवा.

शिडाकडे: वारा कुठून, सूर्य कुठे

आता सगळे उलटे होते. जहाज सावकाश येते, तुम्हाला विचार करायला वेळ असतो. म्हणूनच वाईट फोटोला सबब उरत नाही.

पुण्याहून शिकायला जाण्यासाठी माझी पहिली पसंती मुरूड-जंजिऱ्याला. ताम्हिणी उतरून माणगावमार्गे राजपुरीला पोहोचता येते. राजपुरीच्या धक्क्यावरून किल्ल्यापर्यंत माणसे नेणाऱ्या लाकडी होड्या शिडावर चालतात. समुद्री इतिहासाने भरलेल्या पाण्यात शिडाच्या होड्या दिवसभर ये-जा करतात आणि मागे जंजिऱ्याचे बुरूज उभे आहेत, याहून चांगली शाळा मला माहीत नाही. पावसाळ्यात हे सगळे बंद असते. ऑक्टोबर ते मे हा हंगाम.

धक्क्यावरून पाहिले तर किल्ला पश्चिमेकडे आहे. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो. तटबंदी, होडीचे रंग, माणसांचे कपडे सगळे उजळ दिसते, पण शिडे बऱ्याचदा सैल असतात. दुपारनंतर समुद्रावरून खारे वारे जोर धरतात, शिडे फुगतात आणि सूर्य किल्ल्याच्या बाजूला उतरतो. साडेतीन ते साडेपाच या वेळात शिडाच्या कापडातून उजेड आरपार येतो. शिवण, ठिगळ, दोरांच्या सावल्या कापडावर आतून उमटतात. तो उजेड मिळवायला सकाळचे सगळे फोटो सोडून द्यावे लागले तरी मी सोडीन.

वाऱ्याची बाजू ओळखणे हे या पायरीचे सार आहे. शीड वारा ज्या बाजूला जातो तिकडे फुगते आणि जहाजही त्याच बाजूला कलते. त्या बाजूने, नाळेच्या (जहाजाच्या पुढच्या टोकाच्या) थोडे पुढून फोटो घेतला तर फुगलेल्या शिडांची गोलाई दिसते, डेक तुमच्याकडे झुकलेला असतो आणि त्यावरची माणसे, दोर, कामाची लगबग दिसते. उलट बाजूने, जिथून वारा येतो तिथून, शिडांची पोकळ बाजू आणि वर उचललेला जहाजाचा तळाकडचा भाग मिळतो. तो फोटोही वाईट नाही, लाटा फोडणारे लाकूड दाखवायचे असेल तर तीच बाजू लागते. पण जहाजाची ओळख पहिल्या बाजूने होते.

दुसरा कोन डोलकाठ्यांचा. तीन डोलकाठ्यांचे जहाज अगदी समोरून पाहिले तर तिन्ही एकामागे एक दडतात आणि दोरांचा गुंता उरतो. अगदी बाजूने पाहिले तर ते छापील चित्रासारखे सपाट दिसते. साधारण ३० ते ४५ अंशांवर डोलकाठ्या सुट्या होतात आणि प्रत्येकीची शिडे वेगळी वाचता येतात. जहाज वळत असेल तर तो कोन येईपर्यंत थांबा.

एक्स्पोजरमध्ये अडचण एकच, पांढरे शीड आणि काळे लाकूड एकाच फोटोत. चमकत्या पाण्यामुळे कॅमेरा फसतो आणि सगळे अंधारे घेतो, मग शिडे राखाडी दिसतात. एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप वाढवा, हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) पाहा, आणि शिडावरची शिवण नाहीशी होते आहे असे वाटले की थांबा. लाकडाच्या सावल्या रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधून) नंतर उजळता येतात, उडालेले शीड परत येत नाही. धक्क्यावरून १/५०० आणि एफ/८ पुरते. होडीत बसून घेत असाल तर १/१००० च्या खाली जाऊ नका, कारण तिथे हलता तुम्ही. होडी इंजिनावर चालणारी असेल तर कठड्याला कोपर टेकवू नका, इंजिनची थरथर त्यातून थेट कॅमेऱ्यात जाते.

क्षितिज सरळ ठेवा, आणि ते डोलकाठीच्या किंवा माणसांच्या डोक्यातून जाणार नाही एवढे बघा. खाली बसले की क्षितिज खाली येते आणि शीड आकाशात उभे राहते. उंच बुरुजावरून घेतले तर होडी पाण्यात बुडाल्यासारखी दिसते, पण तिच्या मागे निघणारी पाण्याची रेघ सुंदर येते. दोन्ही घ्यावेत.

खरी जहाजे

मराठ्यांच्या आरमारातली गुराबे आणि गलबते आज पाण्यावर उरलेली नाहीत. पण शिडाची पूर्ण आकाराची जहाजे पाहायला मिळतात. आयएनएस तरंगिणी हे गोवा शिपयार्डमध्ये बांधलेले तीन डोलकाठ्यांचे नौदलाचे प्रशिक्षण जहाज १९९७ पासून सेवेत आहे, तिची बहीण आयएनएस सुदर्शिनी २०१२ पासून. दोघींचे घर कोचीला. पुढच्या दोन डोलकाठ्यांवर आडवी, चौकोनी शिडे आणि शेवटच्या डोलकाठीवर उभे शीड अशी त्यांची रचना असते, त्यामुळे तिरक्या कोनातून त्या फार देखण्या दिसतात.

२१ मे २०२५ ला कारवारला नौदलात दाखल झालेली कौंडिण्य ही नौका तर महाराष्ट्राच्या जवळची. अजिंठ्याच्या लेण्यातल्या पाचव्या शतकाच्या चित्रावरून ती घडवली आहे. फळ्या खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने शिवलेल्या, शिडे चौकोनी. २०२५ च्या डिसेंबरमध्ये ती पोरबंदरहून मस्कतकडे निघाली. अशा नौकेचा फोटो घेताना लांबून एक आणि जवळून दहा असे प्रमाण ठेवावे. शिवणीचे टाके, दोराचा पीळ, लाकडाच्या जोडावर सकाळच्या तिरप्या उजेडाची सावली, गोष्ट तिथे आहे.

कामानिमित्त इंग्लंडला जाणारे पुणेकर कमी नाहीत. त्यांनी हार्टलपूलला एचएमएस ट्रिंकोमाली आवर्जून पाहावे. हे शिडाचे लढाऊ जहाज १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारच्या सागवानात बांधले आणि ते आजही पाण्यावर तरंगते. धक्क्याला बांधलेल्या जहाजावर शिडांची वाट पाहू नका. डोलकाठीच्या बुंध्याशी उभे राहून रुंद लेन्स वर रोखा, डेकखाली तोफांच्या झरोक्यांतून येणारा उजेड पाहा, दोर गुंडाळून ठेवण्याची पद्धत पाहा. डेकखाली आयएसओ १६०० ते ३२०० लागेल, फ्लॅश लावू नका, लाकडाचा रंग मरतो.

एक गोष्ट आधीच ठाऊक असावी. मोठी जहाजे बंदरात शिरताना सहसा शिडे गुंडाळून, इंजिनवर येतात. शिडे उभारलेली हवी असतील तर संचलनाचा दिवस किंवा खुला समुद्र गाठावा लागतो. नौदलाच्या तळांजवळ कॅमेरा परवानगी असेल तिथेच काढायचा आणि ड्रोन तर घरीच ठेवायचा. खडकवासल्याच्या काठाने सराव करतानाही एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) हद्दीकडे लेन्स रोखू नये.

संध्याकाळच्या पाण्याचा सराव पुण्यातच होतो. संगमाजवळच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या बोट क्लबची रेगाटा, म्हणजे होड्यांचा सोहळा, अंधार पडत असताना रंगते आणि मशालींच्या उजेडात होड्यांच्या रचना होतात. तिथे शिडे नाहीत, पण कमी उजेडात हलती होडी, पाण्यातले प्रतिबिंब आणि पेटती ज्योत एका फोटोत कशी सांभाळायची ते कळते. एक्स्पोजर ज्योतीवर ठेवा, माणसे अर्धवट अंधारात राहू द्या. शटर १/१२५ च्या आसपास आणि आयएसओ लागेल तेवढा वाढवा.

परत आल्यावर

समुद्रावरून आलात की त्याच रात्री कॅमेरा आणि लेन्स ओलसर, पिळलेल्या कापडाने पुसा, मग कोरड्याने. मीठ दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवू नका. गाडीत एसी लावून परतताना कॅमेरा बॅगेतच राहू द्या. थंड गाडीतून दमट हवेत काढला की लेन्सच्या आतही बाष्प धरते. पुण्याच्या पावसाळ्यात लेन्स कपाटात नुसती ठेवली तर बुरशी येते. झाकण घट्ट बसणारा स्वयंपाकघरातला डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढे पुरते. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा आणि पुड्या ओल्या झाल्या की बदला.

निवड दुसऱ्या दिवशी करा. पॅनिंगचा प्रत्येक फोटो शंभर टक्के मोठा करून हेल्मेट पाहा. हेल्मेटवरची अक्षरे वाचता येत नसतील तर बाकी कितीही सुंदर असो, तो काढून टाका. अक्षरे वाचता येत असतील तर गाडीची टोके थोडी पुसट असली तरी ठेवा. जहाजांच्या फोटोंत उलटे करा, आधी बोटभर लहान करून पाहा. तेवढ्या आकारात डोलकाठ्या वेगळ्या दिसल्या आणि शिडे कुठल्या बाजूला फुगली आहेत ते कळले, तरच मोठा करून शिवण तपासा.